रुखवतातली हजेरी

आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपमागे एक डोंगर आहे. हिंगोली जिल्ह्याच्या नकाशात तो शोधू नका, सापडणार नाही. तो आम्ही तयार केलेला आहे. कित्येक वर्षं मी वेल्डिंग शिकवतोय, आणि पोरांनी केलेला प्रत्येक जॉब शेवटी त्या डोंगरावर जाऊन पडतो. जॉब म्हणजे सरावाचं काम. लोखंडाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, ड्रॉइंगमध्ये दाखवल्याप्रमाणे जोडायच्या, जोडावर उठलेल्या धातूच्या रेघेवरची, म्हणजे बीडवरची, काळी खपली हातोडीनं झाडायची आणि सरांसमोर धरायचं. सर म्हणजे मी. मी चष्मा कपाळावर चढवतो, जॉब उजेडाकडे धरतो, घशातून एक गंभीर "हं" काढतो, मार्क देतो आणि ती पट्टी खिडकीतून मागे भिरकावतो. ठण्ण असा आवाज आला की एक माणूस तेवढा शिकला असं समजायचं.

भिरकावण्याआधी मात्र मी रोल नंबर बघतो. कारण आमच्याकडे पट्ट्यांना पाय फुटतात. एकाचा चांगला जॉब दुसऱ्याच्या टेबलावर जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. एका वर्षी तर एकच जॉब डोंगरावरून परत आणून आणून जवळजवळ अख्ख्या बॅचनं मला दाखवला. प्रत्येक वेळी तो मला ओळखीचा वाटत होता आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होतो, वा, ही बॅच एका हातानं काम करते! त्यानंतर मी नियम केला. आकड्यांचा पोलादी पंच घ्यायचा, जॉबवर टेकवायचा, वरून हातोडा हाणायचा. लोखंडात रोल नंबर खोदला गेला तरच मार्क. हा नियम पोरांच्या अंगात इतका मुरला की कँटीनच्या स्टीलच्या ग्लासांवरसुद्धा मला नंबर सापडायला लागले.

मग नवे प्राचार्य आले. येताना बदलीचं सामान कमी आणि कल्पना जास्त घेऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डोंगरासमोर उभं केलं.

"सर, हे काय आहे?"

"शिक्षण आहे, सर."

"हे बंद. यापुढं पोरं वापरायच्या वस्तू करतील. लोक ऑर्डर देतील, पोरं त्यातून शिकतील. उत्पादनाधारित शिक्षण!"

शब्द एवढा भारी होता की मी मान डोलावली. मला नाटकाचा नाद आहे. गावातल्या प्रत्येक नाटकात मी एकदा तरी मेलेलो आहे. भारी शब्द आला की माझी मान आपोआप डोलते.

पहिलं उत्पादन ठरलं एक बाक. प्राचार्यांच्याच केबिनबाहेर ठेवायचा. पोरांनी तो केला, निळा रंग दिला, मी नारळ फोडला, आणि प्राचार्य फोटोसाठी बसले. फोटो काढणारा म्हणाला, "सर, जरा हसा." सर हसले. हसत हसत ते खाली जायला लागले. बाकाचे पुढचे दोन पाय सावकाश, अगदी अदबीनं वाकत गेले. उंट बसतो ना, तसा बाक बसला. प्राचार्य शेवटपर्यंत हसत होते. तो फोटो आजही संस्थेच्या भिंतीवर आहे. त्यात ते जमिनीवर बसलेत, पण आनंदी दिसतात.

"हे कुणी केलं?"

कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. पायावर नंबर होता. रोल नंबर सहा पुढं आला. पोरगं निरागस. "सर, बाहेरून तर बीड चांगली हाय."

"आणि आतून?"

"आतून कुणी बघत न्हाई ना, सर."

पोरगं खरं बोलत होतं. जॉबला मार्क वरून बघून मिळतात. जॉबवर आजवर कुणी बसलं नव्हतं. बसलं असतं तर आमच्या जिल्ह्यातले निम्मे वेल्डर नापास झाले असते आणि उरलेले निम्मे जखमी.

प्राचार्यांनी पँट झटकली आणि तिथल्या तिथं हुकूम काढला: जो करील तो आधी बसेल. त्या दिवसापासून आमच्या वर्कशॉपची तऱ्हा बदलली. बाक झाला की अख्खी बॅच त्यावर बसायची, मग उभी राहायची, मग नाचायची. स्वतःचं बूड टेकवायचं म्हटल्यावर पोरं जोडाच्या आत डोकावून बघायला लागली, कोपऱ्यात वेल्डिंगचा रॉड फिरवायला लागली, घाई करायची सोडली. मी इतकी वर्षं ओरडून जे शिकवू शकलो नाही, ते त्या बाकानं एका दमात शिकवलं.

त्या बॅचमध्ये पोरी दोनच. त्यातली एक रोल नंबर अकरा. शिरड शहापूरकडची, वडिलांची हळदीची शेती. बोलायला कमी, पण हात असा की रॉडचा होल्डर धरला की हलायचा म्हणून नाही. मी एकदा तिच्या कानाशी मुद्दाम थाळी वाजवली. बीड सरळ. डोळ्यांवरची काळी काच वर करून ती एवढंच म्हणाली, "सर, तुमचं झालं का?"

उन्हाळ्याच्या तोंडावर ती पेढे घेऊन आली. लग्न ठरलं होतं. मुलगा नर्सीच्या बाजूचा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, स्वभावानं साधा. पेढा तोंडात टाकून मी "वा वा" म्हणणार तोच तिचा चेहरा दिसला.

सुपारी फुटताना मुलाच्या दोन्ही चुलत्यांनी अट घातली होती. पोरगी पसंत आहे, पण लग्न झालं की आयटीआय बंद. "आमची सून ठिणग्या उडवून राहिली म्हणल्यावर लोक काय म्हणतील?" परीक्षा लग्नानंतर, पावसाळ्यात. म्हणजे वर्षभराची मेहनत आमच्या त्या डोंगरावर. मुलगा मान खाली घालून बसला. पोरीचे वडील हात जोडून बसले. मग पोरीनंच तोंड उघडलं, आणि तेही चुलत्यांशी नाही. कोपऱ्यात पान जुळवत बसलेल्या मुलाच्या आत्याशी. आईवडील गेल्यावर मुलाला वाढवलं ते या आत्याबाईंनी, आणि घरात भाऊ बोलत असले तरी ऐकलं जायचं आत्याबाईंचं.

"आत्या, आधी माझं काम बघा, मग सांगा. रुखवतात मी केलेला पलंग ठेवते."

आत्याबाईंनी पान गालात ढकललं. "ठेव. बघू."

रुखवत म्हणजे नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन. मण्यांची बदकं, लोकरीची तोरणं, थर्माकोलचा महाल. त्यातलं निम्मं बाजारातून आलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे "पोरीच्या हातात कला हाय हं" म्हणत पुढं सरकतात. तिथं ही पोरगी लोखंडाचा डबल पलंग मांडणार होती. परीक्षा द्यायला मिळते की नाही, ते त्या पलंगावर ठरणार होतं.

वडिलांनी हिंगोलीहून पाईप आणले आणि संस्थेला रीतसर ऑर्डर दिली. बॅचमधल्या प्रत्येकाला त्या पलंगात आपला हात लागायला हवा होता. उशाकडची जाळी कुणी करायची यावरून दोघांची तर मारामारी झाली. शेवटी अकरा नंबरनंच वाटणी केली. जाळी तीन नंबरला, आडव्या पट्ट्या नऊला, पायथ्याचे पाय सहाला. सहा नंबर पाया पडायच्या बेतात होता. "मला पाय नको. पाय म्हणलं की मला प्राचार्य दिसतात." ती म्हणाली, "म्हणूनच तुला देऊन राहिले." उशाकडचा डावा पाय तिनं स्वतःकडं ठेवला.

पलंग झाला. मोबाईलवर गाणं लावून बॅच त्यावर नाचली. प्राचार्यही बसले, पण आधी दोन्ही हातांनी दाबून बघून. हूं की चूं नाही. मी तपकिरी रंग द्यायला सांगितलं आणि निश्चिंत मनानं घरी गेलो. पोरं मागे थांबली. ती का थांबली हे मी विचारायला हवं होतं, पण त्या दिवशी घरी भज्यांचा बेत होता.

लग्न पोरीच्या गावी, हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात. वर पत्र्याचा मांडव, खाली फळी मारून सपाट केलेली काळी माती. आमची बॅच वाढायला कंबर बांधून हजर. प्राचार्य पहिल्याच पंगतीत. रुखवताच्या जागी मधोमध पलंग, त्यावर सोलापुरी चादर, चादरीवर मण्यांचं एक बदक. ते बदकच तेवढं बाजारातलं.

आत्याबाई आल्या. ठेंगणीठुसकी बाई, नऊवारी, नाकावर चष्मा, मागे दोन्ही भाऊ, म्हणजे मुलाचे ते चुलते. बदकाकडे त्यांनी बघितलंही नाही. भाजीच्या टोपलीवरचा ओला कपडा उचलावा तशी त्यांनी चादर उचलली.

आणि मला दिसलं, पोरं मागे का थांबली होती ते.

तपकिरी रंगावर, उशाला, पट्ट्यांवर, पायांवर, जिथं जिथं पंच मारला होता तिथं तिथं त्या आकड्यांच्या खाचा पोरांनी पांढऱ्या रंगानं भरल्या होत्या. कौशल्य स्पर्धेत जॉब मांडताना भरतात तशा. आकडे रांगोळीसारखे झळकत होते.

आत्याबाई वाचायला लागल्या. "तीन... नऊ... सहा... हे काय वं बाई?" त्यांनी चष्मा सावरला, एक पाऊल मागे सरल्या, आणि मांडवाच्या त्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं बया! हा तर दवाखान्यातला पलंग हाय!"



"तालुक्याच्या दवाखान्यात भावाला ठेवलं व्हतं, तवा असाच नंबर व्हता पलंगावर. सरकारी माल उचलून आणला अन् पोरीनं केला म्हणून मांडला व्हय?"

एक चुलते म्हणाले, "मला हॉस्टेलातला वाटतो." दुसरे म्हणाले, "कुठला का असंना, पंचनामा व्हईल." कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. पोरीचे वडील हळदीच्या रानात उभे होते, पण चेहरा चुन्यासारखा पांढरा. मी नवरीकडे बघितलं. मुंडावळ्यांच्या मधून ती सरळ माझ्याकडे बघत होती.

आता तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी अशा प्रवेशाची वाट बघितली. मी भाजीचा एक रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर चढलो.

"आत्याबाई! हे पलंगाचे नंबर नाहीत. हे माणसांचे नंबर आहेत!"

"माणसांचे? मंग जेलात केला का पलंग?"

मांडव हसला. माझं पहिलंच वाक्य पडलं. पण मी काही कमी नाही. पोट आत घेतलं, छाती फुगवली आणि वर्कशॉपमध्ये रोज सकाळी लावतो तो आवाज लावला.

"रोल नंबर तीन!"

"येस सर!" पंगतीतून. हातात वरणाची बादली.

"रोल नंबर नऊ!"

"येफ फर!" तोंडात बुंदी होती.

"रोल नंबर सहा!"

"येस सर! पाय मीच केलेत सर, पण ह्या खेपेला आतून बी केलेत!"

लोक आता ताटं सोडून बघायला लागले. मी दम घेतला. थोडा जास्तच घेतला, कारण अशा ठिकाणी थांबण्यात मजा असते.

"रोल नंबर अकरा!"

सगळा मांडव इकडेतिकडे बघू लागला. आणि बोहल्यावरून, मुंडावळ्या बाजूला सारत, नवरी म्हणाली, "येस सर."

भटजींच्या तोंडातला मंत्र अर्ध्यावर राहिला. नवरदेव हसला. व्हिडिओ काढणाऱ्यानं शिटी मारली. मी क्रेटवरून वाकून नमस्कार केला, आणि क्रेट मोडला. तो आमच्या संस्थेचा नव्हता.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "माणसं खरी हायत. आता पलंग बघू."

त्या बसल्या. मग भावांना बोलावलं. दोघेही चांगले भरलेले, ट्रॅक्टरच्या टायरसारखे. दोघं आपटून बसले. काही नाही. अगदी शांत. सहा नंबरनं डोळे मिटून घेतले होते, त्यानं एक उघडला. आत्याबाई उठल्या, भावांना उठवलं, उशाची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि हलवली.

डुग. डुग डुग.

"डावा पाय," त्या म्हणाल्या आणि खाली वाकल्या. "अकरा. हा कुणाचा?"

नवरी बोहल्यावरून उतरून आली होती. "माझाच, आत्या."

मी वाकलो. माझा पोटापाण्याचा धंदा आहे, मला लगेच दिसलं. जोड खणखणीत होता. पण तिथली माती मऊ होती. उठबस झाली तसा मातीला खड्डा पडला आणि पायाखालून बोटभर उजेड दिसायला लागला. पलंगाचा काही दोष नव्हता, दोष रानाचा होता. मी उत्साहानं तोंड उघडलं, "आत्याबाई, ते म्हणजे..."

आणि लग्नातला नवा कोरा सँडल, टाचेसकट, माझ्या बोटांवर उतरला.

"चुकलं, आत्या," नवरी अगदी गरीब आवाजात म्हणाली. सँडल तसाच होता. "अजून शिकायचं राहिलंय. पुढच्या दोन महिन्यांत सर हेच शिकवणार व्हते. व्हय ना सर?"

डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. "हो," मी म्हणालो. "पायाचा धडा... शेवटी असतो."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, भावांकडे बघितलं.

"म्हंजे मी अर्धवट शिकलेली सून घेऊन चालले का? अन् वर डुगडुगता पलंग? दोन्ही एकदम न्हाई जमायचं बाबा आमच्या घरी. परीक्षा दे, पुरं शीक, अन् हा पाय बराबर करून दे. तवर ह्या पलंगावर कुणी बसायचं न्हाई."

एक चुलते चाचरत म्हणाले, "पण अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकाला म्हणावं, या, डुगडुगत्या पलंगावर तुमी झोपा."

अक्षता पडल्या. माझा अंगठा आठवडाभर सुजलेला होता.

लग्नानंतर पहिल्या सोमवारी ती हजर. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. चामड्याच्या हातमोज्यात तो मावेना, म्हणून वरून फडकं गुंडाळलं होतं. हजेरीला "येस सर" म्हटलं की बांगड्या किणकिणायच्या आणि पोरं खिदळायची. पावसाळ्यात तिनं परीक्षा दिली. चांगल्या मार्कांनी पास झाली. मी तिचा जॉब डोंगरावर टाकला नाही, माझ्या टेबलावर ठेवला. त्याखाली मी कागद दाबतो.

निकाल लागल्यावर आत्याबाईंचा निरोप आला: पाय करायला या. आता आली का पंचाईत! पायाला काही झालेलंच नव्हतं. मी मोटारसायकलवर वेल्डिंगचं लहान मशीन बांधलं आणि गेलो. पलंग आतल्या खोलीत, चकचकीत फरशीवर. दोन्ही चुलते बघायला दारात उभे. माझ्या विद्यार्थिनीनं डोक्याला काळी काच लावली, खाली बसली, आणि मला हळूच म्हणाली, "सर, पट्टी."

मी खिशातून एक जुनी पट्टी काढून पायाच्या आडोशाला ठेवली. तिनं त्या पट्टीवर अशा ठिणग्या उडवल्या, अशा ठिणग्या उडवल्या, की दिवाळीला लाजवील! मी मधून मधून "जपून!", "आता वळव!", "शाब्बास!" असं ओरडत होतो. चुलत्यांनी डोळ्यांवर उपरणी घेतली. शेवटी ती उठली. आत्याबाईंनी चौकट धरून हलवली. पलंग भिंतीसारखा उभा.

"बसला बराबर," त्या भावांना म्हणाल्या. भाऊ समाधानानं शेताकडे गेले.

चहा आला. आजचा प्रयोग उत्तम रंगला म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. पहिला घोट घेतला आणि आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, ती पट्टी तेवढी पलंगाखालून घेऊन जा. पाय भाजंल कुणाचा."

चहा माझ्या नाकात गेला.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"रानात जन्म गेला माझा. मऊ मातीत पाय रुततो का पायच वाकडा हाय, ते मला कळंना व्हय?"

"मग काहून त्या दिवशी..."

"भावांनी चार लोकांत अट घातलेली. ती मी चार लोकांत खाली कशी पाडू? पोरीनं वाट काढून दिली, मी चालले." त्यांनी पानाची शीर खुडली. "तुमीच तेवढे मधी बोलून राहिले व्हते."

सून कप उचलत होती. मान खाली, पण खांदे गदगदा हलत होते. मांडवात क्रेटवर चढलेला मी, आवाज लावणारा मी, आणि खरं नाटक त्या दोघींनी एकमेकींशी एक शब्द न बोलता माझ्या नाकासमोर केलं होतं. मला त्यात भूमिका काय होती? अंगठ्याची.

निघताना आत्याबाईंनी पुढची ऑर्डर दिली. अंगणाला फाटक हवं होतं. नवऱ्याच्या दुकानाशेजारी सुनेनं मशीन टाकलं होतं, फाटक तीच करणार होती. मी फक्त डिझाइन सांगायचं.

"अन् नंबर टाका बरं का," त्या म्हणाल्या. "मोठा. रस्त्यावरून दिसला पाहिजे."

फाटक झालं. वरच्या पट्टीवर हातभर उंचीचा पांढरा अकरा. त्या गावात घरांना नंबर नाहीत, कधी नव्हते. पण त्यानंतर नवा पोस्टमन आला, आणि आता तो या फाटकाच्या एका बाजूच्या घराला दहा आणि दुसऱ्या बाजूच्या घराला बारा म्हणतो. बारावाले परवा आमच्या संस्थेत आले होते. त्यांनाही फाटक हवंय.